बॅट टाकून पळायचे

खेळ माणसाला मुक्त करतो. हे वाक्य मी बक्षीस समारंभांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते सुरू झाले की मी टाळ्यांसाठी हात आधीच जवळ आणून ठेवतो. बोलणाऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार असतो, आणि तो स्वतः शेवटचा धावलेला असतो तो एसटीमागे. तरीही वाक्य खोटे आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा पुरावा भंडाऱ्यात आमच्या कार्यालयाच्या जिन्याशेजारी काचेच्या कपाटात ठेवला आहे. ती एक ढाल आहे. तिच्यावर ‘विभागीय बेसबॉल स्पर्धा, उपविजेता’ असे कोरले आहे. कार्यालयात कोणी मोठा पाहुणा आला की त्याला आधी ढाल दाखवतात आणि नंतर मला. मी बहुतेक वेळा टेबलाशीच असतो, त्यामुळे सगळ्यांची सोय होते.

मी या टेबलाशी कसा आलो हे सांगायचे तर तलावापासून सुरुवात करावी लागेल.

आमचे गाव पवनी तालुक्यात, आसगावच्या पलीकडे. गावाला एक मोठा तलाव आहे. पावसाळ्यानंतर त्याच्या पाण्यावर धान पिकतो. एप्रिल उजाडला की पाणी आटत आटत पाळीशी, म्हणजे तलावाच्या बांधाशी, डबक्यापुरते उरते, आणि तलावाचे पोट उघडे पडते. आमचे फुटबॉलचे मैदान ते. जयंतीच्या आठवड्यात विहाराची समिती तिथे सामने भरवायची. आजूबाजूच्या गावांचे संघ बैलगाडीने, सायकलीने, नंतर नंतर ट्रॅक्टरने यायचे.

तलावाचे पोट सपाट नसते. ते पाळीकडे उतरत जाते. त्यामुळे एका बाजूचा गोल वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली, अशी आमच्या मैदानाची रचना होती. खालच्या गोलकडे खेळणाऱ्याला पृथ्वी मदत करायची. पाळीवर बसलेली म्हातारी माणसे नाणेफेक जिंकणाऱ्याचे तिथल्या तिथे अभिनंदन करून घेत. पुढचा खेळ त्यांना तपशील वाटे. मी उताराच्या डावात चांगला पळायचो. माझ्या खात्यावरचे बहुतेक गोल उताराचे आहेत. ही गोष्ट मी कधी लपवली नाही. कोणी विचारलीही नाही.

पहिले बक्षीस पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा असायचे, भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेला. आमच्या घरी असे गुंड साचले. आई त्यांत पाणी भरायची आणि शेजारणींना म्हणायची, “पोराच्या पायाचं पानी हाय.” वडील राईस मिलमध्ये पोती वाहायचे आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दुसऱ्यांच्या बांध्यांत राबायचे. त्यांना गुंडांचे कौतुक नव्हते. ते म्हणायचे, “पाय मोडला तं रोवणा कोन करन? गुंड करन का?”

बारावीनंतर भंडाऱ्याला कॉलेजात आलो. तिथे फुटबॉलचे मैदान सपाट होते, त्यामुळे माझी किंमत अर्धी झाली. तरी संघात आलो. पण खरे वळण दिले ते आमच्या खेळाच्या सरांनी. ते गृहस्थ फार शहाणे होते. एक दिवस त्यांनी मला भांडारात नेले, एक पत्र्याची पेटी उघडली आणि आतून मोठाले चामड्याचे हातमोजे, एक लोखंडी जाळीचा मुखवटा आणि एक गोल बॅट काढली. शिपाई दारात उभा होता. मुखवटा पाहून त्याने विचारले, “सर, वेल्डिंगचं काम निघालं का?”

“बेसबॉल आहे,” सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “क्रिकेटच्या रांगेत उभा राहशील तं म्हातारा होशील. फुटबॉलमध्येही आता रांग लागून राहिली आहे. जिथं रांग नाही तिथं उभा राह्य, लेका.”

तत्त्वज्ञानाची पुस्तके मी नंतर बरीच वाचली. इतके थेट वाक्य कमीच सापडले.

बेसबॉलमध्ये मी चेंडू फेकणारा झालो. त्याचे श्रेय पोपटांना. धान निसवला की पोपटांचे थवे उतरतात. लहानपणी मचाणावर बसून ढेकळे आणि गोटे फेकून मी शेजाऱ्यांचा धान राखला होता. पोपट अत्यंत चपळ असतो, त्याच्या मानाने फलंदाज उभा राहून वाट पाहणारा प्राणी आहे. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत खाली माझे नाव आणि वर मुखवटा घातलेला दुसराच खेळाडू होता. आईने ते कात्रण फ्रेम करून लावले. तो मी नाही हे तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, “जाळी लावली म्हनून का मी आपल्या पोराले वरखनार नाही?” मी विषय सोडला. ते कात्रण अजून भिंतीवर आहे.

पुढचे सोपे आहे. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर मला कार्यालयात नोकरी लागली. वडिलांनी मिलमध्ये पेढे वाटले. पहिल्या दिवशी त्या वेळच्या साहेबांनी विचारले, “कुठला खेळ?”

“बेसबॉल, सर.”

“म्हणजे ते हॉकीसारखं?”

“हो, सर.”

सरकारी नोकरीतला पहिला धडा मी असा कोणी न शिकवता शिकलो.

लग्न झाले तेव्हा बायको अमरावती जिल्ह्यात शिक्षिका होती. दोन्ही घरच्यांनी मंडपातच ठरवून टाकले की बदली काय, होऊनच जाईल. आमच्याकडे ‘होऊनच जाईल’ म्हटले की ती गोष्ट कोणाच्या तरी अंगावरून उतरते. तिची बदली होईना. म्हणून मी माझी मागितली. पती-पत्नी एकत्रीकरणाचा नियम आहे. तिकडे जागाही होती. फक्त इथल्या साहेबांनी ना-हरकत द्यायची होती. म्हणजे माझ्या जाण्याला त्यांची हरकत नाही एवढे लिहून खाली सही करायची होती. माणसाच्या जाण्याला कोणाची हरकत नसणे ही एरवी फार दुःखाची गोष्ट आहे. मी तिच्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज करत होतो.

दर शनिवारी ऑफिस सुटले की मी भंडारा स्टँडवरून नागपूरची एसटी धरायचो आणि तिथून पुढची. जाताना पुस्तक न्यायचो. माझे बहुतेक वाचन एसटीत झाले आहे. जाड कादंबऱ्यांच्या मध्यावर कोंढाळीचे धक्के आहेत. सुरुवातीला भंडाऱ्याहून काहीतरी न्यावे म्हणून पितळेचे काही ना काही न्यायचो. तांब्या, समई, छोटा गुंड. एकदा बायको दार उघडून हातातल्या पिशवीकडे पाहत म्हणाली, “दुकान टाकायचं ठरवलं का तुमी?” नंतर रिकाम्या हाताने जाऊ लागलो.

मुलगी झाली, चालू लागली, शाळेत गेली. एका शनिवारी मी पोचलो, चप्पल काढली, तर ती आतून ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आली. वर झाकणी ठेवलेली. ट्रे समोर धरून म्हणाली, “बसा ना.” तिला पाहुण्यांशी नीट वागायला शिकवले होते. बायकोने मान वळवली. मी पाणी प्यायलो आणि “छान आहे” म्हणालो. पाण्याविषयी आणखी काय बोलणार?

त्या रात्री बायको एवढेच म्हणाली, “पुढच्या जूनमध्ये ती पाचवीत जाईल. तोवर आले तर आले. नाहीतर मग ती ट्रे घेऊनच येत राहील.”

म्हणजे माझ्याकडे एक वर्ष होते आणि एक सही हवी होती.

त्याच सुमारास नवे साहेब आले. पश्चिम महाराष्ट्रातले होते, मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नव्हते. त्यांना खेळांचे वेड होते, म्हणजे ढालींचे. कॉलेजात हॉस्टेलच्या गच्चीवर ते क्रिकेट खेळलेले होते, आणि त्या गच्चीवरून त्यांना सगळे खेळ दिसत. आमच्या खात्याच्या दरवर्षी विभागीय क्रीडा स्पर्धा होतात. सगळ्या जिल्ह्यांची कार्यालये त्यांत उतरतात. आमचे कार्यालय रस्सीखेचमध्ये बरे होते, कारण आमच्याकडे वजनदार माणसांची कमतरता नव्हती. बाकी आनंद होता. दरवर्षी फुटबॉलमध्ये मला पळवायचे आणि हरायचे, हा रिवाज झाला होता. या रिवाजात माझा उजवा गुडघा गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते, “पळणं टाळा. पळता पळता वळणं तर मुळीच नको.”

मी साहेबांकडे अर्ज नेला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला.

“तुम्ही बेसबॉलवाले ना?”

“हो, सर.”

“विद्यापीठ खेळलात. आणि मी तुम्हाला जाऊ देऊ? लोक मला वेड्यात काढतील.”

“सर, मुलगी लहान आहे.”

“माझीही लहान होती. आता मोठी झाली.” त्यांनी अर्ज पेपरवेटखाली ठेवला. “असं करू. यंदा बेसबॉल सुरू करतो आहोत आपण. त्यात फारशी चुरस नाही असं माझ्या कानावर आलंय. तुम्ही संघ उभा करा. पहिला क्रमांक आणा. त्याच दिवशी सही करतो. खेळाडूचा शब्द आहे.”

हे सगळे चहाच्या वेळी, हेडक्लार्क आणि दोन अभ्यागतांसमोर बोलले गेले, म्हणून त्याला थोडेफार वजन होते. तरी घरी येऊन मी शांतपणे विचार केला. हरलो तर सही नाही. जिंकलो तर जिंकून देणारा माणूस कोण सोडतो? गुडघ्याचे सांगावे, तर ते म्हणणार, मग प्रशिक्षक व्हा. आणि खेळाडूपेक्षा प्रशिक्षकाची बदली अवघड. चहूबाजूंनी पाहिले. जिंकण्याच्या बाजूला दाराची फट दिसत होती. बाकी तिन्ही बाजूंना भिंती होत्या. मी जिंकायचे ठरवले.

संघ जमला तो असा: आस्थापनेतले बाबू, दोघे शिपाई, रात्रपाळीचा चौकीदार, आणि साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. आमचा सगळा भरवसा ड्रायव्हरवर होता. तो माझ्याहून लहान, दणकट, दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रांच्या, दिवसांत गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये चेंडू शेतापार मारण्यात प्रसिद्ध. सराव आम्ही ऑफिस सुटल्यावर वैनगंगेच्या काठच्या मैदानावर करायचो, पलीकडे कारधा गाव दिसायचे. रेतीच्या पोत्यांचे चार बेस केले. त्यांना सगळे गादी म्हणू लागले.

मी नियम समजावले. मारला की बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या गादीकडे पळायचे. गादीला पाय लागला पाहिजे. तुमच्या आधी चेंडू घेऊन गादीवाल्याने पाय ठेवला तर तुम्ही बाद. आणि हा खेळ निष्ठुर आहे: त्या फटक्यावर तिसरा गडी पहिल्या गादीवर बाद झाला, तर बाकीचे धावून घरापर्यंत, म्हणजे शेवटच्या गादीपर्यंत, पोचले असले तरी त्यांची धाव धरत नाहीत.

“म्हंजे एकाच्या चुकीपाई साऱ्यायचं गेलं?” चौकीदाराने विचारले.

“हाव.”

“ऑफिससारखंच हाय मंग,” तो म्हणाला आणि समाधानाने आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

ड्रायव्हरने पहिलाच चेंडू असा मारला की तो नदीकडच्या झुडपांत गेला. मग तो पळाला, बॅट हातात घेऊन. गादीजवळ पोचताच एक गुडघा टेकून त्याने बॅट लांबवर पुढे सरकवली, गादीवर टेकवली आणि माझ्याकडे पाहून हसला.

“काहून बॅट घेऊन पळून राहिला बे?” मी ओरडलो.

“मंग का फेकून देऊ? सरकारी माल हाय ना बाबूजी.”

“टाक म्हनलं तं टाक.”

“हरवली तं? भरपाई मह्याच पगारातून कापतीन.”

बाकीचे हसून लोळले. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चूक एकट्याची नव्हती. सगळेच बॅट घेऊन पळत. आमच्या देशात बॅट हाताला लागली की माणूस ती घेऊनच धावतो. आमच्या कॉलेजच्या सरांनी ही सवय मोडायला आम्हाला बॅट डोक्यावर घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या बाबूंना मी कशा फेऱ्या लावणार? शेवटी ड्रायव्हरला त्याच्याच भाषेत विचारले, “गाडी उभी केल्यावर तू स्टिअरिंग हातात घेऊन उतरतो का?”

तो विचारात पडला. “नाही.”

“मंग बॅट कायले घेऊन जातो?”

त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्यानंतर तो इतक्या निष्ठेने बॅट फेकू लागला की मागे चेंडू झेलायला बसणाऱ्या शिपायाला स्वतःचे पाय वाचवावे लागत. ड्रायव्हरचे पाहून बाकीचेही सुधारले. दिवाळीनंतर आमचा संघ बेसबॉलसारखा दिसू लागला. मी सावकाश पळायचो, वळताना थांबून वळायचो, आणि गुडघ्याला घरी मीठपाण्याचा शेक द्यायचो. बायकोला फोनवर म्हणालो, “जमेल असं वाटून राहिलं.” ती म्हणाली, “वाटून राहू द्या. मी शाळेत अजून कोणाले सांगत नाही.”

साहेब मधूनमधून सरावाला यायचे. जीपमध्ये बसूनच पाहायचे, फोनवर बोलायचे आणि काच खाली करून “शाब्बास” म्हणायचे. बॅट टाकायची असते हे त्यांनी पाहिले असावे असे मला वाटले होते. पाहणे आणि जीपमध्ये बसणे यांत फरक असतो, हे तेव्हा लक्षात आले नाही.

स्पर्धा विभागाच्या ठिकाणी झाली. मैदानाच्या कडेला शामियाना, त्यात विश्रामगृहातून उचलून आणलेले सोफे. आमच्या साहेबांशेजारी शेजारच्या जिल्ह्याचे साहेब बसले होते. दोघे एकाच वेळी नोकरीत लागलेले, म्हणून एकमेकांशी फार गोड बोलत होते. बेसबॉलच्या ढाली मधल्या टेबलावर होत्या. एक मोठी, एक लहान. उद्घाटनात प्रमुख पाहुण्यांनी सांगितले की खेळ माणसाला मुक्त करतो. मी त्या दिवशी पहिल्यांदाच त्या वाक्याशी सहमत व्हायला तयार होतो.

सामना शेजारच्याच जिल्ह्याशी. त्यांच्यात आमच्याइतकेच बाबू होते, पण त्यांना बाबू दिसू नये म्हणून पांढऱ्या टोप्या दिल्या होत्या. मी चेंडू चांगला फेकला. पोपटांचे शिक्षण जात नाही. तरी शेवटच्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो. दोन गडी बाद झालेले. मी कसाबसा तिसऱ्या गादीवर पोचलो होतो, माझ्यामागे दुसऱ्या गादीवर तरणा शिपाई. ड्रायव्हर बॅट घेऊन उभा राहिला. त्याने चेंडू मारला आणि आम्ही दोघे घरी पोचलो तर सामना आमचा. सामना आमचा म्हणजे सही, आणि सही म्हणजे जून. गुडघा सुजून शेंदूर फासलेल्या दगडासारखा झाला होता. मला त्याची काही पडली नव्हती.

ड्रायव्हरने मारला. सरळ, जोरदार, क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून. चेंडू लांब गवतात गेला. त्याने बॅट टाकली, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि पळाला. मीही पळालो. माझ्यामागे शिपाई.

तेवढ्यात शामियान्यातून आवाज आला. आमचे साहेब सोफ्यावरून उठून उभे राहिले होते.

“अरे बॅट! बॅट राहिली! बॅट घे!”

मी पळता पळता ओरडलो, “पळ! पळ तू!” पण ड्रायव्हरने आजवर हजारो वेळा त्या आवाजावर गाडी डावीकडे घेतली होती, उजवीकडे घेतली होती, उभी केली होती. पाय त्याचे थांबले. तो वळला, परत आला, वाकून बॅट उचलली आणि पुन्हा पळाला. गवतात चेंडू शोधणाऱ्याला वेळ मिळाला, तरी पुरेसा नाही. ड्रायव्हर अजूनही पोचला असता. पण बॅट हातात आल्यावर त्याचे अंग क्रिकेटचे झाले. गादीजवळ येऊन त्याने एक गुडघा टेकला, बॅट लांबवली, आणि तिचे टोक गादीवर अलगद ठेवले. चेंडू आला. गादीवाल्याने तो झेलला आणि शांतपणे गादीवर पाय ठेवला. बॅट गादीवर होती. माणूस गादीबाहेर होता.

मी तोवर घरी पोचलो होतो. शिपाईही पोचला होता, आणि मला मिठी मारत होता. पंचांनी हात वर केला. तिसरा गडी बाद, म्हणून आम्हा दोघांच्या धावा धरल्या गेल्या नाहीत.

आमचे साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले आपण जिंकलो. शेजारच्या साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी समजावले.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी मागे पाय लांब करून बसलो होतो. साहेब पुढे. मैदान मागे पडले. मग साहेब म्हणाले, “थोडक्यात गेली.” आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरला म्हणाले, “तू बॅट आधीच घेतली असतीस ना, तर पोचला असतास रे. परत फिरण्यात वेळ गेला.”

“हो, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला. आरशातून त्याने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. धानाचे ढीग मागे जात होते.

त्यांना तो नियम सांगायला हवा होता, असे कोणी म्हणेल. सही त्यांच्या पेनात होती आणि पुढचे वर्षही. चूक त्यांची आहे हे कळलेला साहेब सही करत नाही. चूक दुसऱ्याची आहे असे वाटणारा निदान कधीतरी करतो. ऑफिसखालच्या टपरीवर ड्रायव्हर मला म्हणाला, “बाबूजी, तुमी म्हनलं टाक, मी टाकली. साहेबानं म्हनलं घे, मी घेतली. मले सांगा, मी कोनाचं आयकायचं होतं?”

“साहेबाचंच,” मी म्हणालो. “चहा पी.”

सोमवारी सत्कार झाला. उपविजेतेपदाची ढाल मधोमध ठेवली. मला शाल, नारळ, पुष्पगुच्छ. साहेब मनापासून बोलले. खेळ माणसाला मुक्त करतो, म्हणाले. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, “आणि असा हिरा आपण जिल्ह्याबाहेर जाऊ देणार नाही. पुढच्या वर्षी मोठी ढाल!” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या एका हातात नारळ होता, एका हातात गुच्छ, म्हणून मला वाजवता आल्या नाहीत. नंतर त्यांच्या दालनात गेलो. अर्ज अजून पेपरवेटखालीच होता.

“सर, माझा…”

“अहो, काळजी कशाला करता? आणखी एक वर्ष.” त्यांनी माझ्या शालीकडे पाहिले. “शोभते तुम्हाला.”

शनिवारी अमरावतीला गेलो. हातात शाल आणि नारळ. जून पुढे होता आणि आता तो बाकीच्या महिन्यांसारखाच होता. मुलगी ट्रे घेऊन आली. झाकणी ठेवलेला ग्लास. “बसा ना.” मी बसलो. गुडघा सरळ ठेवून बसावे लागले. बायकोने शाल घडी उलगडून पाहिली, नारळ देवळीत ठेवला. काय झाले ते तिला कळले होते; तरी तिने विचारले.

“काय झालं मग?”

“दुसरे आलो. ढाल मिळाली.”

“सही?”

“पुढच्या वर्षी, म्हणतात.”

ती शाल पुन्हा घडी घालू लागली. मुलगी मध्येच म्हणाली, “आई, बाबांचा दुसरा नंबर?” वर्गात ती नेहमी सातवी-आठवी येत असे, त्यामुळे तिच्या डोळ्यांत प्रथमच थोडा आदर होता.

बायको शिक्षिका आहे. तिने घडी पूर्ण केली, शाल मांडीवर ठेवली आणि पेपर तपासताना विचारावे तसे विचारले, “कितीपैकी?”

मी ग्लासावरची झाकणी उचलली. बेसबॉलला त्या वर्षी दोनच संघ आले होते.